वहिनींची काकडी

उतार संपताच त्याने सवयीने ब्रेक दाबला आणि नदीकाठच्या रस्त्यावर पाय टेकला. बायको उताराला घाबरायची, सावकाश यायची. प्रत्येक सायकलसहलीत तो असाच खाली थांबायचा. ती वारल्यानंतर आज पहिल्यांदाच तो एकटा निघाला होता. “कुणाची वाट बघताय, दादा?” मळ्यातल्या बाईने विचारलं. “बायको येतेय मागून,” तो बोलून गेला. “वहिनींना मागे टाकून पुढे पळालात? आज तुमची खैर नाही!” बाई हसली आणि तिने वेलीवरच्या दोन काकड्या तोडून दिल्या. “एक वहिनींची हं, तुम्हीच फस्त कराल!” त्याने आपली खाल्ली. दुसरी हातात धरून तो उताराकडे बघत राहिला. मग मळ्यात जाऊन म्हणाला, “ताई, ही परत घ्या. मागून कुणी येणार नाही.” तिने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, काकडी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.