एकच हेल्मेट

बालीच्या इस्पितळात परिचारिकेने ऋजुताच्या बांगड्या एका पाकिटात घालून शार्दूलच्या हातात दिल्या. त्याच्या कोपराला फक्त खरचटलं होतं. लग्नाला सतरा दिवस झाले होते.

त्याने सांगलीला सासऱ्यांना फोन लावला आणि अपघातात ऋजुता गेल्याचं सांगितलं. आपला आवाज कापला नाही, याचंही त्याला काही वाटलं नाही.

त्यांनी विचारलं, "कुणी धडक दिली का?"

"नाही, बाबा. भाड्याची स्कूटर होती. वळणावर वाळूत घसरली. मीच चालवत होतो."

"आणि हेल्मेट?"

"दुकानात एकच होतं. किनारा इथेच तर आहे, म्हणालो तिला."

"ते कुणी घातलं होतं?"

"मी."

"अहो, चहा झालाय," पलीकडून ऋजुताच्या आईचा आवाज आला. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.