सोमवारचं मौन

गजेंद्र संत्र्याच्या पेट्या नगावर, म्हणजे पेटीमागे मजुरी घेऊन, ठोकायचा. दिवसभर ओठांत खिळे. घरीही बोलायची सवय उरली नव्हती. बायकोचं, सरलाचं, दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौनव्रत. नागपूरच्या कारखान्यात कामाला एकट्यानं जायचं त्यानं ठरवलं आणि तिला सांगायला मुद्दाम सोमवारच धरला. तिला मागे बसवलेली मोटरसायकल रामाकोना गावाच्या रस्त्याला लागली तसं तो मागे न पाहता म्हणाला, "उद्या निघून राहिलो मी. नाही म्हणायचं असन त आताच म्हण." खांद्यावर मागून दोन थापा पडल्या. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, हे त्यांचं ठरलेलं. त्यानं वेग वाढवला. "थांबा नं जी." अकरा वर्षांत पहिल्यांदा मौन मोडलं होतं. त्यानं गचकन ब्रेक दाबला. सरलानं आधी व्रत मोडलं म्हणून कानांना हात लावला. "नाही कोण म्हणून राहिलं? मले बी न्या."