बारीक जाळी

"आणखी खाली वाका, वन्सं, डोकं दिसतंय," वहिनी म्हणाली.

धाकटी आणखी वाकली. मागे स्टुडिओतला काळा पडदा, तिच्या अंगावर काळं कापड, पुढ्यात खुर्चीवर आई. कापडाच्या फटीतून उजवा हात काढून तिनं आईला काखेखाली घट्ट धरलं होतं. हात सुटला की आई कलंडायची.

फोटो परगावच्या दोन्ही भावांना जायचा होता. आईजवळ राहणाऱ्या धाकटीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. आईला आता धड बसवतही नाही, तिघा भावांनी चार-चार महिने पाळीनं सांभाळा, असं तिनं कळवलं होतं. परगावच्या दोघांना ते खरं वाटेना. थोरला भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. हिचं आपलं काहीतरीच, आई ठणठणीत आहे, हवं तर फोटो पाठवतो, असं त्यानं त्यांना सांगून टाकलं होतं.

फोटोग्राफरनं फ्लॅशच्या दिव्याला आधी पसरट वाटी लावली. उजेड खोलीभर सांडला, काळ्या कापडाच्या घड्यासुद्धा उठून दिसल्या. मागे भूत उभं केल्यासारखं वाटतंय, असं थोरला म्हणाला. मग खोल वाटी आली. भूत गेलं, कोपर राहिलं. तेव्हा फोटोग्राफरनं खिळ्यावरची एक जाळी काढून वाटीच्या तोंडावर बसवली. मधाच्या पोळ्यासारखी, मोठ्या छिद्रांची. उजेड आवळला. आता आईचा चेहरा, गळा, शाल आणि शालीवर चार बोटं.

फोटोग्राफर जरा वेळ बघत राहिला. असाच घेऊ या का, हात छान आलाय, असं त्यानं विचारलं.

"असाच घ्या," कापडाखालून धाकटी म्हणाली. "बोटं दिसू द्या."

फोटोग्राफरनं थोरल्याकडे पाहिलं.

"फोटो आईचा आहे," थोरला म्हणाला. "याहून बारीक जाळी नाही का?"

होती. छिद्रं इतकी बारीक, की आगकाडीही जेमतेम शिरावी. ती लावल्यावर साऱ्या काळोखात एक तोंड तेवढं उरलं. आईला हनुवटी वर करायला सांगितलं, तिनं केली, आणि कशाचं कोण जाणे, तिला हसूही आलं. फ्लॅश तीनदा उडाला.

सगळे कॅमेऱ्याभोवती जमले. सासूबाई दहा वर्षांनी लहान दिसतात, असं वहिनीचं मत पडलं. थोरल्यानं फोटो तिथल्या तिथे मोबाइलवर घेऊन भावांना पाठवला. एकाचं उत्तर लगेच आलं, ते त्यानं सर्वांना वाचून दाखवलं. आईला बघून जिवाला बरं वाटलं. पाळी कसली लावायची, धाकटी आहेच की तिथे. दुसऱ्यानं नुसता अंगठा पाठवला होता.

फोटोग्राफर दिवे मालवू लागला. कापडाखाली धाकटीचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता.

"झालं ना? हात काढू का मी?" तिनं विचारलं.

कोणाचंच लक्ष नव्हतं. आईनं मात्र ऐकलं.

"इतक्यात नको गं," मान न वळवता ती म्हणाली. "पडेन मी."