झाडांना न मानवलेला बल्ब

मिणमिणता का असेना, चालता बल्ब बदलणं काकूंना उधळपट्टी वाटायची. आणि काकांचे लाड पाहा, बिस्किटाच्या डब्याएवढ्या काचपेटीतल्या चार पाणझाडांसाठी नवनवे बल्ब! स्वस्तातला पहिला बल्ब म्हणे फारच पांढरा निघाला. आणलेली वस्तू वाया कशी घालवायची, म्हणून काकूंनी कपाळावर हात मारत तो स्वयंपाकघरात लावला. दुसऱ्यामुळे म्हणे पेटीत शेवाळ धरलं. तो शिलाई मशीनवर गेला. झाडं मात्र जुन्याच दिव्याखाली मजेत फोफावत होती.

आज काकांनी तिसरा आणला. खोकं उघडायच्या आतच काकू म्हणाल्या, "हाही झाडांना मानवणार नाही."

"तुला कसं कळलं?" काकांनी साळसूदपणे विचारलं.

"जिन्यात अजून अंधार आहे ना. द्या इकडे."