पहिला नग

"शिक्का, शिक्का, शिक्का! कान किटले माझे!" अच्युतने चिकटपट्टीचा रोल टेबलावर आपटला. "माल माझा, गिऱ्हाईक माझं, आणि मला शहाणपण शिकवायला सगळं जग!"

सगळं जग म्हणजे त्या वेळी एकटी शरयू, त्याची बायको. ती कारखान्याच्या दारात उभी होती. सुरक्षेचा शिक्का नसताना माल पोलंडपर्यंत पोचेल कसा, एवढंच तिने विचारलं होतं.

बाहेर ट्रक भरून तयार होता. त्यात तान्ह्या मुलांच्या विजेच्या गाद्या होत्या. प्लग लावला की गादी कोमट होणार, वर बाळ निजवायचं. जबलपूरच्या एका शेडमधून थेट युरोपात माल चालला म्हणून अच्युत गेला महिनाभर नातेवाइकांत मिशीला पीळ देत फिरत होता. शिक्क्याशिवाय तिकडे विजेची वस्तू विकता येत नाही, हे त्याला ऑर्डर घेतानाच ठाऊक होतं. पण तिकडचा व्यापारीही त्याच्याच वळणाचा निघाला. कागदावर साध्या कापडी गाद्या लिहा, बाकी मी बघतो, म्हणाला. अच्युतने लिहिल्या.

"अहो, पण माल तपासणाऱ्या लॅबवाल्यांनी शिक्का काहून नाही दिला?"

"चिरीमिरी पाहिजे त्यांना, दुसरं काय! एक पैसा नाही देणार मी. मालात काही खोट नाही. अन् तू अशी घाबरून राहिली जसा काही मी ट्रकमध्ये बॉम्ब भरला!"

चिरीमिरीची ही गोष्ट त्याने इतक्या जणांना ऐकवली होती, की आता सांगताना जीभ अडखळतही नव्हती. शरयूला ती पटली. आपल्या माणसाचं पटवून घ्यायची तिला सवयच होती.

"चला, मग बरं झालं. मलाच उगीच धाकधूक." तिने पदर खोचला. "आता आवरा लवकर. संध्याकाळी विनताताईंकडे बाळाचं बोरन्हाण आहे. मामा आल्याशिवाय त्या सुरू नाही करणार. अन् हो, तुम्ही या खेपेला विसरले होते, ते मी सकाळीच करून आली."

"काय विसरलो?"

"पहिला नग."

अच्युतच्या वडिलांनी स्टॅबिलायझर बनवायला सुरुवात केली, तेव्हापासूनची घरची रीत होती. कारखान्यातून नवी वस्तू निघाली, की पहिला नग घरच्या लेकीला. गिझर, इस्त्री, पंखा, सगळं आधी विनताच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरी गेलं, मग बाजारात. वडील गेल्यावरही अच्युतने बहिणीचा हा मान कधी चुकवला नव्हता. या वेळी मात्र त्याने गादीचं नावही काढलं नव्हतं.

"इतक्या खुश झाल्या म्हणता!" शरयू हसत सांगू लागली. "थंडी पण किती पडून राहिली. म्हणाल्या, दूध पाजलं की बाळाला आजपासून यावरच निजवते."

अच्युतच्या तोंडचं पाणी पळालं. खिशातून काढताना फोन हातातून निसटून खाली पडला. त्याने तो झडप घालून उचलला. रिंग जात राहिली. विनता फोन घेईना. त्याने पुन्हा लावला.

"उचल ना गं! मेली कुठं ही!" मग तो शरयूवर उलटला. "अक्कल गहाण टाकली काय तू? मला विचारता नाही येत? कोणी सांगितलं होतं तुला द्यायला?"

"आपलीच तर गादी आहे," शरयू गोंधळून म्हणाली.

तेवढ्यात विनताने फोन उचलला.

"विनता! बाळाला उचल! आधी उचल, मग बोल! प्लग काढ! तापली की बंद नाही होत ती! पेटते!"

पलीकडे भांडं पडलं. पावलं धावली. आणि मग बाळाचा टाहो ऐकू आला.

"उचललं रे दादा," विनता रडत होती. "पाठ लाल झाली आहे त्याची. दुपटं खालून करपलं. मी मागच्या अंगणात बोरं धूत होती. तू फोन नसता केला तर…"

"ठीक आहे ना पण तो? ठीक आहे ना?"

"हो रे. ठीक आहे."

अच्युतने फोन छातीशी धरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "नर्मदामैयाची कृपा," तो म्हणाला. "वाचलं लेकरू."

शरयू त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्यावर रुसली होती, चिडली होती, पण असा संताप त्याने तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"लॅबवाल्यांनी पैसे नव्हते मागितले," ती म्हणाली. "अन् तुम्ही पहिला नग विसरले पण नव्हते."

ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भैयाजी, निकलूं क्या?"

अच्युतने एका हाताने डोळे पुसले. दुसरा हात, रोजच्या सवयीने, 'निघ' म्हणायला वर उठला.

शरयू तीरासारखी बाहेर गेली आणि ट्रकच्या समोर जाऊन उभी राहिली. इंजिन घरघरत होतं, म्हणून तिला ओरडावंच लागलं.

"विनताताईंचा नंबर तुमच्याजवळ होता! या गाडीतल्या बाकीच्या बाळांच्या आयांना फोन कोण करणार?"