अडुसष्ट ठोके

आई अंगणातल्या नळाखाली बादल्या घासत होती आणि मुलगी पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती.

"उद्या परत त्या शर्यतीला?" पुस्तकातून डोकं न काढता मुलीने विचारलं.

"हो. ऐंशी किलोमीटरची आहे. पहाटेच निघायचंय."

"तू जन्मात कधी घोड्यावर बसली तरी आहेस का गं?"

"सगळेच वर बसले तर खाली कोण उभं राहणार?" आई हसली. मग भिंतीला टेकून जरा थांबली. मुलीने पान उलटलं. आतून बाबांनी चहा मागितला, तशी आई हात पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी शर्यतीहून परतल्यावर 'जरा पडते' म्हणून आई आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. भेटायला येणाऱ्यांना मुलीने खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि जे बोलायचं होतं ते गिळलं. आईकडून ही एक गोष्ट ती अगदी नीट शिकली होती.

पुढच्या वर्षी ती त्याच मैदानावर स्वयंसेवक म्हणून हजर झाली. तिथल्या प्रमुख बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत.

"नवीन दिसतेस. इकडे कशी काय?"

"आई यायची इथे. बादल्या उचलायची."

"इथे सगळ्यांच्याच आया बादल्या उचलतात, बाई! जा, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहा."

"मला ठोके मोजायचेत."

शिट्टीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घोड्याला घाबरतेस?"

"हो."

"झकास. लाथा खातात ते न घाबरणारे."

तासाभरात तिला सगळं शिकवून झालं. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही. पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोपची नळी लावायची. दोन आवाज मिळून एक ठोका. पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंदांना चाराने गुणायचा आळशीपणा चालणार नाही. प्रत्येक फेरीनंतर वीस मिनिटांत ठोके चौसष्टवर यायला हवेत. नाही आले, तर घोडा बाद.

"आणि स्वाराच्या तोंडाकडे बघायचं नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "ते गयावया करतात, दम देतात, गोडगोड बोलतात. मागे एकाने भिडेखातर चार ठोके कमी सांगितले. शेवटच्या फेरीत घोडी कोसळली, ती गेलीच. इथे नाव नाही, नातं नाही, हुद्दा नाही. नंबर आणि ठोके, बस."

तिला हा नियम फार आवडला.

दुपारपर्यंत तिने एकोणीस घोडे मोजले. एकाने तिची टोपी चावून पाहिली. एका करड्या घोड्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि भरपूर लाळ गाळून तो पास झाला. ऊन चढलं, तसा रांगेतला हसण्याबोलण्याचा आवाज कमी होत गेला.

मग सतरा नंबर आला. तीन वर्षं सलग पहिला आलेला. शेवटची फेरी तेवढी उरली होती. घोडीवर पाण्यामागून पाणी ओतून अठराव्या मिनिटाला त्याने तिला रांगेत आणलं.

"तू?" मुलीला पाहून तो थबकला.

"नवीन आहे," शिट्टीबाई म्हणाल्या, "पण कान तयार आहेत."

"दुसरं कुणी नाही का?"

"दोन मिनिटं उरलीत. भांडण्यात घालवा, नाहीतर मोजून घ्या."

मुलीने नळी लावली. घोडीची ओली कातडी थरथरत होती, नाकपुड्या फुलल्या होत्या. तिने डोळे मिटून पूर्ण मिनिट मोजलं.

"अडुसष्ट."

"चौसष्ट लिहायला सांग," तो खालच्या आवाजात म्हणाला. "चार ठोक्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

"अडुसष्ट आहेत."

"तुला काय कळतं गं घोड्यांतलं? चार पुस्तकं वाचली म्हणजे सगळं येतं का?"

"घोड्यांतलं नाही कळत. मोजता येतं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सतरा नंबरचा चेहरा लालबुंद झाला. एरवी अशा आवाजापुढे तिची मान आपोआप खाली जायची. आज ती जागची हलली नाही.

शिट्टीबाईंनी पेन उघडलं. "काय लिहू? नीट विचार करून सांग."

"अडुसष्ट. बाद."

शिट्टी वाजली. घोडीने मान खाली सोडली आणि बादलीत तोंड घातलं. सतरा नंबर लगाम मुठीत आवळून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "अकरा वर्षं आहे ही माझ्याबरोबर! ऊन म्हणाली नाही, पाऊस म्हणाली नाही. एकदा तरी तक्रार केली का हिने?"

मुलीने कानातली नळी काढली.

"आईनेही कधी केली नव्हती, बाबा."