वळणावरचा लाल दिवा

पावसाची झड लागली होती. पुढे दूधवाल्या काकांची मोटारसायकल, तिला दोन्ही बाजूंनी किटल्या, आणि मागे सुनेत्राची. घाटातल्या शाळेवर बदली होऊन आल्यापासून सकाळचा हा क्रम ठरलेला. जांभळीच्या वळणाआधी मात्र, रस्ता मोकळा असूनही, काकांच्या गाडीचा मागचा लाल दिवा तीनदा लागायचा. रोज. आणि नेमका तिथेच का?

झाडाखाली म्हसोबा असणार, असा तिने तर्क केला. शेंदूर कुठे दिसला नाही. तरी तीही तिथे एक हात सोडून छातीला लावू लागली.

आज तिने चहाच्या टपरीवर त्यांना गाठलंच. "काका, त्या वळणावर कुठला देव आहे हो?"

"देव?" काकांचा कप ओठांशीच थांबला. "बाई, शेवाळ आहे तिथं! झऱ्याचं पाणी कायम रस्त्यावर येतं. मागं तुमची गाडी दिसते, म्हणून ब्रेक दाबून सांगतो, जरा सावकाश. आणि आरशात बघावं तर तुम्ही तिथंच हात सोडताय! रोज माझा जीव टांगणीला."

तिला हसू आवरेना. मग कुतूहलाने पुन्हा उचल खाल्ली. "पण मी येण्याआधी कुणासाठी दाबायचात ब्रेक?"

काकांनी पँट वर सरकवून गुडघा दाखवला. त्यावर टाक्यांचे दोन लांब व्रण होते.

"तेव्हा कुठला ब्रेक, बाई? तेव्हा मी सुसाट जायचो."